वाचकांचे प्रश्न : निर्वासित व्हायोला

प्रश्न : शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'वरची टिम सपल दिग्दर्शित २००३ची टेलिफिल्म पाहिली. पर्मिंदर नागरा नायिका व्हायोला, चिवेटेल एजिओफोर ड्यूक ऑर्सिनो. संवाद तर मूळचेच आहेत. मग वेगवेगळ्या वंशाचे कलाकार घेऊन साधलं काय?

उत्तर : ब्रिटनच्या चॅनल ४ साठी केलेल्या या रूपांतरात जहाज फुटून इलिरिया या परमुलखाला लागलेली व्हायोला आणि सेबॅस्टियन ही जुळी भावंडं आजची निर्वासित आहेत. त्यामुळे व्हायोलाचा पुरुषवेष ही गंमत न राहता जीव वाचवण्याची सोय ठरते. हा अर्थ मूळ कथानकात होताच, म्हणून तो चिकटवलेला वाटत नाही. नुसती कलाकारांची निवड बदलून हे जमत नाही.

प्रश्न : आम्हीही याच नाटकावर, निर्वासितांचीच मांडणी घेऊन, ४० मिनिटांची फिल्म करतोय. कात्री कुठे लावावी? आमची 'जुळी' अजिबात सारखी दिसत नाहीत, आणि ती आपसात वेगळी भाषा बोलणार आहेत.

उत्तर : टोबी आणि अँड्र्यू या विनोदी पात्रांच्या शाब्दिक कोट्या आधी काढा, त्यातल्या बऱ्याच आज टीप दिल्याशिवाय कळत नाहीत. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश मात्र छोटा असला तरी ठेवा. त्यात सेबॅस्टियनचा मित्र अँटोनिओ त्याला पैशांची थैली देतो आणि पुढच्याच, चौथ्या प्रवेशात, अटक होताना, पुरुषवेषातल्या व्हायोलाला सेबॅस्टियन समजून ती तिच्याकडे मागतो. देताना दिसलंच नाही, तर मागताना कुणी हसणार नाही. शिवाय इलिरियात अँटोनिओ शत्रू ठरलेला माणूस आहे. तुमची निर्वासितांची मांडणी त्याच्यावरही उभी आहे.

दिसण्याची तोड शेक्सपिअरनेच दिली आहे. त्याच चौथ्या प्रवेशाच्या शेवटाकडे व्हायोला सांगते की कपडे, रंग, सगळं ती भावासारखंच ठेवते. ही ओळ कापू नका. दोघांना एकच जाकीट, एकच भांग, एकाच खांद्यावर बॅग द्या. पुरुषवेषातल्या व्हायोलाच्या प्रेमात पडलेली ऑलिव्हिया सेबॅस्टियनलाच ती समजून फसते, तिथे कॅमेरा त्याच्या पाठीमागे ठेवा आणि चेहरा तिचा दाखवा. पाचव्या अंकाआधी दोघं एका चौकटीत नकोत.

वेगळी भाषा सगळीकडे पेरू नका. पाचव्या अंकात वडिलांच्या कपाळावरचा तीळ आणि व्हायोलाच्या तेराव्या वाढदिवशी त्यांचा मृत्यू, या खुणांवरून भावंडं एकमेकांना ओळखतात. तिथे ती शोभेल. विनोदी प्रवेशात वापरलीच, तर सबटायटल दोन तुकड्यांत तोडा आणि कलाटणीचा शब्द नट बोलेल तेव्हाच पडद्यावर आणा. अख्खं वाक्य आधी झळकलं की प्रेक्षक नटाच्या आधी हसतो आणि पुढचा संवाद त्या हशात बुडतो.