आधी पान, मग पडदा

प्रश्न : नमस्कार ताई. मी सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरच्या घरी जपानी शिकतो. हिरागाना-काताकाना या दोन्ही लिप्या येतात, कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरचिन्हं, दोनशेच्या आसपास. तीन वर्षं सबटायटल लावून ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघतोय, पण सबटायटल बंद केलं की काही कळत नाही. नुकतेच मावसभावाने जपानहून ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलवरच्या मांगाचे (जपानी चित्रकथेचे) शेवटचे काही खंड आणून दिलेत. आता वाचू की बघू?

उत्तर : दोन्ही कर, पण एकाच प्रसंगाचं. आणि आधी वाच.

सबटायटलवर तीन वर्षं गेली, कारण तुझे डोळे खालची ओळ वाचत होते आणि कान रिकामे बसले होते. मांगा वाचताना तसं होत नाही. तुझ्या हातातल्या खंडांत प्रत्येक कांजीच्या बाजूला बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असेल, त्याला फुरिगाना म्हणतात. त्यामुळे अनोळखी शब्दही मोठ्याने वाचता येतो, शब्दकोशात शोधता येतो. पात्र कोणाशी, कुठल्या चेहऱ्याने बोलतंय ते चित्रात दिसतंच. आणि पान तुझ्यासाठी थांबतं. पडदा थांबत नाही.

एक माहिती आधीच देते, म्हणजे शोधाशोध होणार नाही. ताकेहिको इनोउए यांचा हा मांगा १९९० ते १९९६ असा चालला, ३१ खंड. टीव्हीवरची मालिका १०१ भागांची, पण ती मार्च १९९६ मध्ये संपली आणि सान्नो या प्रतिस्पर्धी शाळेविरुद्धचा मोठा सामना तिच्यात आलाच नाही. तुझ्याकडचे शेवटचे खंड त्याच सामन्याचे. तो पडद्यावर आला २०२२ मध्ये, ‘द फर्स्ट स्लॅम डंक’ या चित्रपटात, आणि दिग्दर्शन स्वतः इनोउएंचं. म्हणजे ज्याने पानं काढली, त्यानेच पडदा रचला. तुलनेला यापेक्षा चांगली जोडी मला तरी सुचत नाही.

सामन्यातली आठ-दहा पानं निवड. मोठ्याने वाच. वहीत संवाद उतरव, आणि आवाजाचे शब्दही सोडू नकोस. चेंडू आपटला की ‘दामु’, बूट फरशीवर घासला की ‘क्युत्’. शिकणारे हे शब्द चित्रातली नक्षी समजून पुढे जातात, आणि माझा जीव तुटतो. अरे, सळसळ, लुकलुक, धपधप, कडकड असल्या शब्दांवर वाढलेली आपण माणसं! जपानीत चमचम चमकणं म्हणजे ‘किराकिरा’. ही गोडी मराठी कानाला कोणी शिकवावी लागत नाही. पानावरचे हे शब्द पडद्यावर खरे आवाज होतात. एकदा ‘दामु’ वाचून मग तो चेंडू ऐकलास की शब्द पक्का बसतो. काही ठिकाणी ‘शीऽन’ असं लिहिलेलं सापडेल. तो शांततेचा आवाज, आपलं ‘चिडीचूप’. पडद्यावर त्या जागी काय ठेवलंय, ते मुद्दाम बघ.

मग सबटायटल न लावता तो प्रसंग बघ आणि वहीतल्या ओळींवर खुणा कर: जसंच्या तसं आलेलं, बदललेलं, गाळलेलं. खरा अभ्यास बदललेल्या ओळींत आहे. वाक्याच्या शेवटाकडे कान दे. संघाचे प्रशिक्षक आन्झाई सर, त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य, हार मानलीस की सामना तिथेच संपला, मांगात दोनदा येतं. लहानग्या मित्सुईला (पुढे संघातला एक खेळाडू) सांगताना शेवटी ‘दायो’ आहे, सान्नोच्या सामन्यात कथेचा नायक हानामिची याला सांगताना ‘देसुयो’. अर्थ तोच. दुसऱ्यात बोलणं अदबीचं झालंय, जणू शिक्षक विद्यार्थ्याला अहो-जाहो करतोय. चित्रपटात सर बोलतील तेव्हा शेवट कुठला येतो, ते तूच टिपून घे.

हानामिचीचं बोलणं मात्र समजून घे, उचलू नकोस. तो आपल्या सरांना ‘ओयाजी’ म्हणतो, म्हणजे चक्क ‘म्हाताऱ्या’. मी दुभाषी म्हणून नोकरीला लागले, त्याच्या पहिल्याच महिन्यात पडद्यावरून उचललेलं ‘ओमाए’ एका वयस्कर जपानी पाहुण्यांसाठी वापरलं. आपल्याकडे अनोळखी वडीलधाऱ्याला ‘ए, तू’ म्हणावं तसं. ते काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला आजही टोचतं.

सामन्याचे शेवटचे क्षण सगळ्यात शेवटी ठेव. मांगात पानामागून पान शब्दाविना जातं. त्यात एकच छोटी ओळ आहे, हानामिचीची: ‘हिदारिते वा सोएरु दाके’, डावा हात फक्त आधाराला. ‘सोएरु’चा अर्थ शब्दकोशात ‘जोड देणं’ असा काहीसा मिळेल आणि त्यातून काही हाती लागणार नाही. हात बघ: उजवा चेंडू फेकणार आहे, डावा नुसता बाजूने टेकलाय. चित्रपटात इथे आवाज काढून घेतलाय. हानामिचीचे ओठ हलतात, शब्द ऐकू येत नाहीत. तू ते पान वाचलेलं असशील, तुला येतील.

प्रश्न : ‘फुलमेटल अल्केमिस्ट’च्या दोन मालिका आहेत. मांगाबरोबर कुठली बघावी? – एक वाचक, नागपूर

उत्तर : २००९ची, ‘ब्रदरहुड’, ६४ भागांची. ती हिरोमु अराकावा यांच्या मांगाला धरून चालते. २००३ची, ५१ भागांची मालिका आली तेव्हा मांगा अर्ध्यावरच होता, त्यामुळे तिने पुढे आपली वेगळी वाट धरली आणि शेवटही वेगळा केला. पानाशी ताडून बघायला ती सुरुवातीपुरतीच उपयोगी. पण सोडू नका, मांगा पूर्ण वाचून झाला की बघा. कथेतली तीच दोन भावंडं दुसऱ्या लेखकांच्या हाती गेल्यावर काय होतं, हे तिथे दिसतं, आणि मला तो शेवटही फार आवडतो.