९५४.१४ आधी की ९५४.९?

प्रश्न : ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत) पुस्तक ‘उपलब्ध’ दिसतं, ९५४.७९२ हा नंबरही लिहून नेते. पण कॉलेजच्या ग्रंथालयात कपाटापाशी काही सापडत नाही. — एम. ए. (इतिहास)ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुम्ही अर्धाच नंबर नेताय. ड्यूई ही पुस्तकांना विषयवार नंबर देण्याची पद्धत; तीत ९५४.७९२ म्हणजे महाराष्ट्राचा इतिहास. पुण्यात या एका वर्गांकाखाली (विषयाच्या नंबराखाली) कप्पेच्या कप्पे भरलेले असतात. त्याच्या खालची ओळही उतरवून घ्या, बहुधा लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं असतात. पुस्तकं आधी वर्गांकाने आणि मग त्या अक्षरांनी लावतात.

टिंबानंतरचे अंक मात्र एकेक करून वाचायचे. ९५४.१४ हे ९५४.९ च्या आधी येतं. चौदा मोठे म्हणून पुढे शोधत गेलात की फसलात, आणि बहुतेक जण इथेच फसतात.

नंबराआधी ‘आर’ असेल तर संदर्भ विभागात जा. मराठी-इंग्रजी कपाटं वेगळी आहेत का, तेही विचारा. तरीही नाहीच मिळालं, तर परतीची ट्रॉली आणि वाचनकक्षातली टेबलं बघा. ‘उपलब्ध’चा अर्थ एवढाच, की ते कुणाच्या नावावर नाही. शेवटी काउंटरवर दाखल क्रमांक द्या. तो प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो.