नर्सेस नेमून दिलेल्या कामाच्या पलीकडे जाऊन काम का करतात? स्वभावच तसा असतो का?

स्वभावाचा वाटा आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. मी नंदुरबार जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. पेशंट सुधारताना दिसतो आणि वरचे न्यायाने वागतात, तिथे बायका आपणहून जास्तीचं करतात, असं मला वाटतं.

आमच्या नवजात शिशु कक्षात धडगावकडची एखादी आई दीड किलोचं बाळ घेऊन येते. नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली, गुजरातेत ऊसतोडीला निघायचं, म्हणून तो डिस्चार्ज मागतो. ताप-वजन लिहिणं, वेळेवर दूध देणं हे माझं काम. पण बाळ आईच्या छातीशी कसं बांधायचं, वाटी-चमच्याने पाजताना डोकं थोडं उंच धरून दूध ओठाच्या कडेला लावायचं आणि त्याने गिळेपर्यंत थांबायचं, नाहीतर ठसका लागतो, हे शांतपणे शिकवायला ड्यूटीत वेळच उरत नाही. मग पावरी, म्हणजे तिकडची आदिवासी बोली बोलणारी आमची एखादी सिस्टर, पुढच्या शिफ्टला काम सोपवल्यावरही त्या आईजवळ बसते. वजन रोज वीस-तीस ग्रॅमने वाढायला लागलं की ती नवऱ्याला काट्यावरचा आकडा दाखवते. बरेचदा तो थांबतो. हे एकदा बघितलं की पुढच्या वेळी कोणी सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट रोस्टरची, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्याच जणींना माहेरी जायचं असतं. आमच्या इन्चार्ज सिस्टर सगळ्यांना बसवून सुट्ट्या ठरवतात आणि एक नाइट स्वतः घेतात. त्यांच्या शब्दावर कोणीही डबल ड्यूटी करतं. याउलट मी अशा वॉर्डातही काम केलंय, जिथे त्याच त्या मुलींना नाइट लागायच्या आणि केलेलं जास्तीचं काम पुढच्या महिन्यापासून हक्काचं धरलं जायचं. तिथे चांगल्या मनाच्या मुलीसुद्धा रजिस्टरपुरत्या उरल्या.

संशोधनातही हेच दिसतं. डेनिस ऑर्गन आणि कॅथरीन रायन या संशोधकांनी १९९५ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. ते नर्सेसपुरते नव्हते. कामातलं समाधान, न्याय्य वागणूक आणि वरिष्ठांचा आधार यांचा अशा कामाशी संबंध स्वभावाच्या बहुतेक गुणांपेक्षा जास्त पक्का निघाला. म्हणून ‘सेवाभावी मुली निवडा’ एवढ्यावर भागत नाही. रिकाम्या जागा भरा, रोस्टर सगळ्यांसमोर लावा.