तीन दिवसांची उघडीप पुरेशी आहे का?

प्रश्न : आम्ही काही मित्र आखलेल्या मार्गांबाहेरच्या डोंगरांत स्कीवरून भटकतो. हिमवादळानंतर तीन दिवस स्वच्छ ऊन पडले की बर्फ बसतो आणि हिमस्खलनाची भीती उरत नाही, असे आमच्यातील जुनेजाणते सांगतात. हे खरे मानावे का? प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा संकेतावरून शोधून देणारे यंत्र) असेल तर थोडा धोका पत्करण्यास हरकत आहे का?

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे नव्या बर्फापुरते बरेचसे खरे आहे. वादळ चालू असताना आणि त्यानंतरचा एखाद-दुसरा दिवस धोका सर्वाधिक असतो, नंतर ताजा बर्फ हळूहळू दबून घट्ट होतो. मात्र माणसांचा बळी घेणारी बहुतेक स्खलने लादीची असतात, म्हणजे वरचा एकसंध थर खालच्या कमकुवत थरावरून सुटतो. आणि हा खालचा थर तीन दिवसांच्या उन्हाला दाद देईलच असे नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ आणि हवा कडाक्याची थंड असते, तेव्हा जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास आणि पृष्ठभागाचे त्याहून पुष्कळ कमी राहते. हा फरक दर मीटरला सुमारे १० अंशांहून अधिक झाला, की आतील बाष्प वर सरकताना बर्फाच्या कणांना कोनदार रूप देते. ते कण जाड साखरेसारखे सुटे राहतात, आणि तसा थर कित्येक आठवडे, क्वचित संपूर्ण हिवाळाभर टिकतो. वरची लादी पायाला टणक लागते म्हणून उलट विश्वास वाढतो, हीच यातली फसगत. आपल्या आधी चारजण सुखरूप गेले, यावरूनही काही सिद्ध होत नाही. पाचवा खडकाजवळ, लादी पातळ असलेल्या जागी पाऊल टाकतो आणि सगळा उतार सुटतो.

शिवाय आभाळ निरभ्र असले तरी वारा थांबलेला असतोच असे नाही. तो एका अंगाचा बर्फ उचलून कड्यापलीकडच्या आडोशाला भरत राहतो, आणि तिथे एकही ढग नसताना नवी लादी तयार होते.

म्हणून मी दिवस मोजण्याऐवजी उताराचा कोन मोजण्यास सांगेन. लादीची स्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. डोळ्यांचा अंदाज इथे चुकतो, कोनमापक जवळ ठेवावा. उतार ३० अंशांहून कमी असेल आणि त्याच्या डोक्यावर तीव्र उतार नसेल, तर आतला थर खराब असतानाही तिथून बहुधा जाता येते. दुसरी अट विसरू नये, कारण पायथ्याच्या सपाटीवरून चालतानाही वरची लादी सुटू शकते. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला किंवा स्कीपासून भेग धावत गेली, तर हिमस्खलनाचा स्थानिक इशारा काहीही असो, तीव्र उतार सोडून द्यावेत. धोका एक ते पाच अशा चढत्या पायऱ्यांत सांगणाऱ्या या इशाऱ्यातील तिसरी पायरी अनेकांना मध्यम वाटते. प्रत्यक्षात पुष्कळ मृत्यू त्याच पायरीवर होतात.

ट्रान्सीव्हर माणूस गाडला गेल्यावर उपयोगी पडतो, आणि तोही सोबत प्रोब (बर्फात खुपसून गाडलेल्याला शोधण्याची लांब काठी), फावडे व सरावलेले साथीदार असतील तरच. पूर्ण गाडलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात, पण अर्ध्या तासानंतर ही शक्यता झपाट्याने घसरलेली असते. खडकांवर वा झाडांवर आदळून जीव गेला, तर त्या यंत्राचा काहीच उपयोग नसतो. संशयित उतार टाळताच येत नसेल, तर एकावेळी एकानेच तो ओलांडावा आणि बाकीच्यांनी स्खलनाच्या वाटेबाहेर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी.