टेक्सासमध्ये हरणाच्या शिकारीसाठी रान लीजवर घेतलंय, उन्हाळा कोरडा गेला, मक्याचे फीडर (हरणांसाठी दाणे टाकणारी यंत्रं) वाढवले की पुरे का?

नाही, नुसत्या मक्याने भागणार नाही. मक्यात प्रोटीन जेमतेम ८ टक्के, शिंगं नीट भरायला साधारण १६ लागतं आणि ते मिळतं झुडपांच्या कोवळ्या पाल्यातून, म्हणून आधी मालकाशी बोलून गुरं कमी करायला सांगा आणि सीझनमध्ये माद्या मारा, खाणारी तोंडं तरी घटतील. सात-आठ सीझन लीजवर जातोय, झाडांचा पाला चार-साडेचार फुटांपर्यंत कात्रीने कापल्यासारखा एका रेषेत ओरबाडलेला दिसला की समजायचं हरणांची गर्दी झालीय. नोव्हेंबरात ओकची फळं कमी असली तर फीडरवर हरणं भरपूर दिसतील, त्याला भुलू नका, शिंगं दरवर्षी नवी येतात आणि यंदाची सप्टेंबरातच भरून झालेली असतात. फक्त किती माद्या मारता येतात ही मर्यादा काउंटीनुसार (म्हणजे जिल्ह्यानुसार) बदलते, ती टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर बघूनच काय ते ठरवा.