इंजिनाचे हेड घरी उतरवता येते, पण बसवण्यापूर्वी मोजा

प्रश्न : माझ्याकडे कार्बोरेटरची जुनी मारुती 800 आहे. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात इंजिन तापून पाणी उकळले. तेव्हापासून रेडिएटरमधील पाणी कमी होते आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो. हेड (इंजिनाचा झाकणासारखा वरचा भाग) घरीच उतरवून त्याखालचे गॅसकेट (सांधा घट्ट बंद ठेवणारे पातळ पान) बदलता येईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : येईल. झाकणाखालचा थर केवळ दमटपणानेही येतो, परंतु पाणीही कमी होत असल्यामुळे गॅसकेट गेले असावे आणि पाणी ऑइलमध्ये मिसळत असावे, हा आपला संशय रास्त आहे. तीन सिलिंडरांचे हे 796 सीसीचे इंजिन घरी उघडण्याजोगे सुटसुटीत आहे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात घालावा. पाणी काढून, टायमिंगच्या खुणा (क्रँक आणि कॅमशाफ्ट हे दोन दांडे एकमेकांशी जुळवण्याच्या खुणा) जुळवून त्यांचे फोटो घ्यावेत आणि मग त्यांना जोडणारा टायमिंगचा पट्टा उतरवावा. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल करावेत. एकेक बोल्ट एकदम काढल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकण्याचा धोका असतो. उतरवलेले हेड लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे, कारण व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारा कॅमशाफ्ट जागेवर असताना काही व्हॉल्व्ह उघडे राहून खाली डोकावत असतात. व्हॉल्व्ह काढलेच, तर पुठ्ठ्याला भोके पाडून ते क्रमाने खोचावेत, कारण प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्याच सीटवर (बैठकीवर) परत बसला पाहिजे.

तापलेल्या इंजिनात नुसते गॅसकेट बदलून भागेल असे गृहीत धरू नये. सरळ पोलादी पट्टी हेडवर उभी, आडवी आणि तिरपी धरून खालून फीलर गेज (फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) सरकवून पाहावे. फट 0.05 मिलिमीटरहून अधिक भरली, तर हेड वर्कशॉपमध्ये फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) द्यावे आणि तडा गेला आहे का, हेही तिथेच तपासून घ्यावे. घरी पॉलिश पेपरने घासून ही वक्रता निघत नाही, उलट त्याची कचकच ऑइलच्या वाटांमध्ये शिरते.

जोडताना सर्वांत दुर्लक्षित राहतात ती ब्लॉकमधील (हेडखालच्या, सिलिंडर असलेल्या भागातील) बोल्टची भोके. त्यांच्या तळाशी ऑइल किंवा पाणी साचलेले असेल, तर बोल्ट आवळताना त्या द्रवाला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. म्हणून ती कापडाने आणि हवेने कोरडी करावीत. नवे गॅसकेट, उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर, कोरडेच बसवावे. बोल्ट या वेळी मध्यापासून कडेकडे, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधील आकड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने आवळावेत. हाताच्या अंदाजावर हे काम सोपवू नये. रेंच विकत घेणे परवडत नसेल, तर ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मागून आणावा.

पट्टा चढवल्यानंतर स्पार्क प्लग काढून क्रँक पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवावा. कुठे अडल्यास जोर न लावता खुणा पुन्हा तपासाव्यात. ऑइल आणि फिल्टर नवे घालावेत. थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप), रेडिएटर आणि पंखा यांपैकी घाटात नेमके काय कमी पडले, याचा छडा लागेपर्यंत गाडी पुन्हा चढणीला नेऊ नये, नाहीतर नवे गॅसकेटही त्याच कारणाने जाईल.