‘सर्व सोडून ये’ म्हणजे राजीनामाच द्यायचा का?

‘नोकरी सोडली नाही तर मी ख्रिस्ताचा खरा शिष्य नाही का?’ मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांकडून हा प्रश्न हमखास येतो, विशेषतः शिबिरानंतरच्या आठवड्यांत. इथे ज्याची हकिकत आहे तो 31 वर्षांचा, चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर सुपरवायझर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शिबिराच्या शेवटच्या रात्री पूर्णवेळ सेवेसाठी आवाहन झालं, तेव्हा त्याने हात वर केला. घरी परतेपर्यंत राजीनाम्याचा मजकूर मोबाइलवर तयार होता. पत्नी बोलेनाशी झाली, आईने जेवण सोडलं, आणि हा त्रास म्हणजेच ख्रिस्तासाठी उचलायचा आपला वधस्तंभ, अशी त्याची समजूत झाली.

सल्ल्यासाठी आमच्याकडे आला तेव्हा त्याने पुढे केलेलं बायबलमधलं वचन होतं लूक 14:26. आईबाप, पत्नी, मुलं यांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही, हे. पहिल्या भेटीत आम्ही त्याला एवढंच सांगितलं, की 25 पासून 33 पर्यंत सगळं मोठ्याने वाच. दोनच ओळी पुढे बुरूज बांधणारा माणूस येतो. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. त्याच्यामागून राजा येतो, दहा हजार सैन्य घेऊन वीस हजारांशी लढता येईल का, हे आधी बसून ठरवणारा. बसून हिशोब करायला खुद्द प्रभूच सांगतो. मत्तय 10:37 मध्ये हीच शिकवण ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ अशा शब्दांत आहे. पहिलं स्थान कोणाचं, हा तिथला सवाल आहे. घर वाऱ्यावर सोडण्याचा आदेश त्यात नाही.

म्हणून दुसऱ्या भेटीला पत्नीला बोलावलं आणि आधी तिच्याशी एकटीशी बोललो. ‘माझं देवाशी भांडण नाही,’ ती म्हणाली, ‘पण मला कुणी विचारलंच नाही.’

मग दोघांसमोर कागद ठेवला. पगार 42,000. घराचा हप्ता 16,500, अजून 11 वर्षं. आईबाबांची औषधं 3,800, किराणा, वीज, गॅस मिळून 12,000, मुलीची शाळा 2,500, दशांश (मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) 4,200. शिल्लक 3,000. शेजारी तीन रकाने आखले: काय सोडायचं, त्याचा भार कोणावर पडणार, आणि त्या माणसाने हो म्हटलं आहे का. पहिला रकाना त्याने भराभर भरला. दुसऱ्यात पत्नी, आई, मुलगी, कर्जाला जामीन राहिलेला मेहुणा अशी नावं उतरली. तिसरा रकाना कोराच राहिला.

शिष्यत्वाची किंमत शिष्याने स्वतः मोजायची असते. ती दुसऱ्याच्या नावावर टाकून वर त्याला वधस्तंभ म्हणणं, हे प्रभूला मान्य नाही. आईबापांच्या वाट्याचं ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना मार्क 7 मध्ये त्याने खडसावलं आहे. मार्क 1 मध्ये याकोब आणि योहान हे शिष्य बापाला सोडून निघाले, तेव्हा बाप जब्दी मजुरांसह तारवात (होडीत) होता. तो एकटा पडला नव्हता. जाळी टाकून निघालेल्या पेत्राच्या घरी थोड्याच ओळींनंतर त्याची सासू बरी होते, आणि 1 करिंथकर 9:5 वरून कळतं की प्रवासात त्याची पत्नी सोबत असे. वधस्तंभावरून प्रभूने आपल्या आईची सोय लावली, हेही विसरू नये.

एक फरक मात्र इथेच सांगायला हवा. विश्वासालाच घरचा विरोध असेल तर घरच्यांच्या होकारावाचून विश्वास थांबत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी स्वतः फार सोसलं, आणि पत्नी लक्ष्मीबाईंनीही: पुढची काही वर्षं दोघांना वेगळं राहावं लागलं. पुढे लक्ष्मीबाईंनीही आपल्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला. मंडळीत ही गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंच्या वाट्याचं दुःख दोन वाक्यांत उरकतात, ते चुकीचं आहे. टिळकांपुढे प्रश्न ख्रिस्ताला धरायचं की सोडायचं असा होता. आपल्या या तरुणापुढे तसा प्रश्नच नव्हता. घरात सगळे विश्वासातलेच, उपासनेला कोणाचीही आडकाठी नाही. मग नोकरी सोडायची एवढी घाई का?

ते शोधायला त्याला साधं काम दिलं. महिनाभर रोज रात्री दोन ओळी लिहायच्या: आज राजीनामा द्यावासा किती वाटला, आणि दिवसभरात काय घडलं. ही ओढ सर्वांत तीव्र झाली ती 28, 29 आणि 30 तारखेला. विचारलं, तेव्हा खूप वेळाने तो बोलला. महिनाअखेरीला लोखंडी बारचा ट्रक येतो. सोबतच्या चलनावर 9,800 किलो, वजनकाट्याच्या पावतीवर 9,240. वरिष्ठांचा निरोप असतो, ‘चलनाप्रमाणे घे’, आणि आवक नोंदीवर सही याची. दिवाळीला पुरवठादाराचं पाकीट येतं.

नोकरी सोडली असती तर त्या सहीचा प्रश्न तसाच मागे राहिला असता. लूक 9:23 मधला ‘दररोज’ उचलायचा वधस्तंभ त्याच्यासाठी त्या काट्याजवळ होता.

नकार देण्याचीही रीत असते. आवेशात दिलेला नकार बहुधा भांडणात संपतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. त्याने आधी पत्नीला सगळं सांगितलं. नोकरी गेलीच तर निदान तीन महिने निभावतील इतके, म्हणजे 1,17,000 रुपये हाताशी हवेत असं ठरलं. ठेवीतले 70,000 होते. भिशीचे 40,000 तिने आपणहून पुढे केले, कमी पडत होते ते फक्त 7,000. या खेपेला तिसऱ्या रकान्यात तिची सही होती. मग महिनाअखेरीला त्याने काट्याचं वजन लिहिलं, पावती जोडली आणि वरिष्ठांना एका ओळीचा मेल केला: ‘चलन 9,800, काटा 9,240, काट्याप्रमाणे आवक घेतली आहे.’ आरोप नाही, वचन नाही, साक्ष नाही. मेल आणि पावती दोन्हींची प्रत ठेवली. जुन्या सह्यांबद्दल पाळकांपाशी (मंडळीच्या धर्मगुरूंपाशी) कबुली दिली. कंपनीला त्याबाबत काही लेखी देण्याआधी वकिलाचा सल्ला घे, असं त्याला बजावलं, कारण पश्चात्ताप खरा असला तरी कागदाचे कायदेशीर परिणाम होतात. पाकिटांचे पैसे, लबाडीने घेतलेलं परत करणाऱ्या बायबलमधल्या जक्कयासारखे, परत करायची त्याची इच्छा आहे. तेही वकिलाला विचारूनच होईल. त्या दिवाळीचं पाकीट त्याने न उघडता परत पाठवलं.

नोकरी गेली नाही. स्टोअरमधून डिस्पॅचला बदली झाली, रात्रपाळी लागली, पगारवाढ थांबली. पूर्वी सोबत चहा घेणारे टाळू लागले. ही किंमत लहान नाही, आणि मंडळीत तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही.

हात वर केला त्याचं काय, ही बोच उरलीच. नवस फेडायला उशीर करू नको, हे बायबलच्या ‘उपदेशक’ पुस्तकाच्या 5 व्या अध्यायातलं वचन तो वारंवार काढायचा. नीतिसूत्रे 20:25 त्याने वाचलं नव्हतं: आधी अर्पण म्हणून बोलून जाणं आणि मग विचार करणं हा माणसाला पाश आहे. तो पाळकांकडे गेला आणि जे झालं ते स्पष्ट सांगितलं. पाळक आणि मंडळीच्या पंचांनी पाचारण (सेवेसाठी देवाचं बोलावणं) नाकारलं नाही, तपासायला घेतलं. वर्षभर संडे स्कूलचा एक वर्ग आणि दर मंगळवारी दवाखान्यातल्या रुग्णांच्या भेटी, नोकरी सांभाळून. करिंथात पौलही तंबू शिवून सेवा करत होताच. बहुतेक सेमिनरी (पाळक घडवणाऱ्या शिक्षणसंस्था) स्थानिक मंडळीचं शिफारसपत्र मागतात. ते द्यायचं की नाही, हे वर्षाअखेरीस ठरेल. त्या बैठकीला आपणही बसणार, असं पत्नीने पाळकांना सांगून ठेवलं आहे.